वंशवृक्षात न मावणारा ताप

माझ्या थोरल्या भावाच्या बैठकीत टीव्हीच्या वर एक भलामोठा फ्लेक्स लावलेला आहे. लाकडी चौकटीवर ठोकलेला, पाच फूट बाय चार फूट. त्यावर वडाचं झाड छापलंय आणि झाडाच्या पानापानांत आमच्या घराण्यातली नावं. खोडापाशी सात पिढ्यांपूर्वीचा मूळ पुरुष आहे. त्याच्याबद्दल नावापलीकडे कोणालाच काही ठाऊक नाही, तरी छापणाऱ्यानं त्याला फेटा आणि मिशा देऊन टाकल्या. अगदी शेंड्याला दादाचा मुलगा आहे, शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो लावलेला. एवढ्या सगळ्या पानांत बाई म्हणून एकही नाही. आमच्या घराण्यातले पुरुष सात पिढ्या एकमेकांपासूनच झाले असावेत, असं तो फ्लेक्स पाहून कोणालाही वाटेल.

फ्लेक्स नवा होता तेव्हा मी दादाला विचारलं होतं, मी कुठं आहे. तो म्हणाला, तू आता नाचणगावच्या झाडावर. नाचणगाव म्हणजे माझं सासर, पुलगावला लागूनच. घरी येऊन मी भिंतीकडे पाहिलं, तर तिथं कॅलेंडर होतं. सासऱ्यांनी कधी झाड छापलंच असतं तर त्यातही मी नसतेच, हे मला न विचारता कळत होतं. मी हसले आणि स्वयंपाकाला लागले. तेव्हा मला या गोष्टीचं हसूच यायचं.

दादा भाजीवाला शेतकरी आहे. बोरगाव मेघेच्या मागे आमचं जे वावर प्लॉट पाडण्यातून वाचलंय, त्यात तो लवकी, म्हणजे दुधी भोपळा, दोडके, वांगी लावतो, आणि वर्ध्याच्या बाजारात त्याची लवकी लोक ओळखून घेतात. त्याचं गुपित बियाण्यात आहे. तो विकतचं बी आणत नाही. वेलींमधून फिरत फिरत तो एक वेल हेरतो, त्यावरची एक लवकी न तोडता ठेवतो आणि तिच्या देठाला लाल चिंधी बांधतो. ती चिंधी दिसली की मजूरबाया त्या लवकीला हात लावत नाहीत. ती वाळते, खडखडते, मग तिचं बी निघतं. एकदा मी त्याला म्हटलं होतं, लवकीच तेवढी चांगली पाहून ठेवायची ना, वेल काय पाहतोस? त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "नर फूल कोणतं होतं ते कोणाले माईत राह्यते? बी ठेवाचं त येल पाहून ठेवा लागते. सारं येलावर राह्यते, बाई."

हाच माणूस संध्याकाळी हातपाय धुऊन बैठकीत बसला की त्याच फ्लेक्सखाली पाहुण्यांना सांगायचा की रक्त बापाकडून येतं. आणि आमचं रक्त म्हणजे काय, तर त्यात ताप टिकत नाही. आजोबा म्हणे अंगात फणफणता ताप घेऊन वखर हाकायचे आणि संध्याकाळपर्यंत तापच थकून जायचा. दादानं स्वतःच्या मुलीच्या बायोडाटात रक्तगटापुढे ‘बी पॉझिटिव्ह’ आणि त्याच्यापुढे कंसात ‘अस्सल’ असं लिहिलं होतं. मी हे घरी आमच्या यांना सांगून पोट धरून हसले होते.

करोनाची दुसरी लाट आली तेव्हा अस्सल रक्तानं आठ दिवसांत लोळण घेतली.

आधी धाकटा भाऊ पडला. एकतीस वर्षांचा, रोज पहाटे नालवाडीपर्यंत पळत जाऊन येणारा, सुपारीसुद्धा न खाणारा. पाठोपाठ दादा. घरातल्या बायकांनाही झालंच होतं, एकाच विहिरीचं पाणी आणि एकाच चुलीचं अन्न. वहिनीला दोन दिवस कणकण आली. धाकट्याच्या बायकोची फक्त चव गेली. आई सत्तरीची, साखरेच्या गोळ्या घेणारी, तिला खोकला झाला आणि खोकत खोकत तिनं सगळ्यांच्या भाकरी थापल्या. धाकटा अकराव्या दिवशी गेला. दादा तीन आठवडे नळीवर राहून परत आला.

धाकट्याबद्दल मला इथं फार लिहवत नाही. तो माझ्या कडेवर वाढला होता.

घराण्याला मात्र लिहायला, बोलायला पुष्कळ होतं. काका लोकांनी कारणं शोधली. कोणी म्हणालं, धाकट्या सुनेचा पायगुण. कोणी म्हणालं, फ्लेक्सचं तोंड दक्षिणेकडे आहे. एकानं शपथेवर सांगितलं की दोघं भाऊ पंख्याखाली झोपले म्हणून झालं. फ्लेक्सची भिंत बदलली. धाकट्याची बायको तेरवीनंतर माहेरी गेली, ती तिकडेच राहिली. घरात शिरलेल्या दुखण्यानं नेमके जवान पुरुष वेचून पाडले आणि म्हातारीला सोडलं, याचं कोणाला नवल वाटलं नाही. बायकांना काय होतं, त्या चिवटच असतात, एवढं म्हणून सगळे मोकळे झाले.

नवल वाटलं ते दवाखान्यातल्या एका डॉक्टर मॅडमना. दादा तपासणीला गेला तेव्हा त्यांनी विचारलं, साखर नाही, बीपी नाही, वजन नाही, तरी दोघं भाऊ इतके कसे बिघडलात? त्या अशाच माणसांवर काम करत होत्या. म्हणाल्या, पुढच्या खेपेला घराण्याची सगळी माहिती घेऊन या, कोण कोणाचा, कोण कशानं गेला.

दादाची छाती बऱ्याच महिन्यांनी फुगली. पुढच्या खेपेला तो चौकटीसकट फ्लेक्स भाजीच्या टेम्पोत घालून घेऊन गेला. सोबत मी होते, कारण चौकट दुसऱ्या बाजूनं धरायला कोणीतरी हवं होतं. दवाखान्याच्या जिन्यावर लोक आम्हाला वाट करून देत होते. त्यांना वाटलं असेल कोणाचातरी सत्कार आहे.

मॅडमनी फ्लेक्स शांतपणे पाहिला. फेटेवाल्या मूळ पुरुषापासून शेंड्यापर्यंत. मग विचारलं, यात बायका कुठे आहेत? दादा म्हणाला, बायका आपापल्या घरी. त्यांनी चौकट उलटी करायला सांगितली, मागच्या कोऱ्या बाजूवर मार्करनं चौकोन आणि गोल काढायला सुरुवात केली. पुरुष चौकोनात, बाई गोलात. धाकट्याच्या चौकोनावर त्यांनी तिरकी रेघ मारली, तेव्हा मी खिडकीकडे पाहिलं.

मग त्यांनी आईला गोल काढला आणि विचारलं, आईचे भाऊ किती?

"ते आमच्या घराण्यात नाई येत," दादा म्हणाला.

मी म्हटलं, आम्हाला मामाच नाहीत. आईला तीन भाऊ होते, पण आमच्या जन्माआधीच गेले. लहानपणी दिवाळीला सगळी पोरं मामाच्या गावाला जायची आणि आम्ही घरी राहायचो, एवढंच आम्हाला माहीत. कशानं गेले ते कधी कोणी सांगितलं नाही.

मॅडमचा मार्कर थांबला. मग त्यांनी आईच्या गोलाशेजारी तीन चौकोन काढले, तिन्हींवर रेघ मारली आणि पुढे प्रश्नचिन्ह केलं. दादाचं रक्त घेतलं. अहवालाला वेळ लागेल, आला की मी कळवते, आईला विचारून ठेवा, असं त्या म्हणाल्या. आम्ही चौकट टेम्पोत घातली. घरी आल्यावर दादानं ती पुन्हा भिंतीवर टांगली, वडाचं झाड पुढे आणि गोल-चौकोन भिंतीकडे.

पुढे वर्ष गेलं, दुसरं निम्मं गेलं. मी दोनदा विचारलं, तो म्हणाला काही आलं नाही. मी समजले, सरकारी कामं अशीच असतात. दादाच्या मुलीसाठी स्थळं पाहणं पुन्हा सुरू झालं होतं आणि घरात दुसरा विषय नव्हता.

माझा मुलगा तेवीस वर्षांचा. हिंगणघाटला एका सूतगिरणीत मशीन दुरुस्तीला आहे. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी तो घरी आला तो अंग तापलेलंच घेऊन. आणि आता मला जे सांगायचंय ते सांगताना माझंच तोंड कडू होतं. मी त्याला अद्रकाचा काढा दिला, गोधडी घातली आणि म्हटलं, "मामाच्या रक्ताचा हाय तू. तुले काई होत नाई." ज्या बढाईवर मी वर्षानुवर्षं हसले, तीच माझ्या तोंडून इतक्या सहज निघाली की माझं मलाच कळलं नाही. दोन दिवस मी तो काढाच देत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचे ओठ निळसर दिसले. यांनी शेजाऱ्यांची गाडी काढली.

पुलगावहून वर्ध्यापर्यंतचा रस्ता मी आयुष्यात शेकडो वेळा केलाय. त्या दिवशी तो संपेना. मुलगा माझ्या मांडीवर डोकं ठेवून श्वास मोजल्यासारखा घेत होता आणि मला सारखा धाकटा आठवत होता.

वॉर्डाबाहेर त्याच डॉक्टर मॅडम भेटल्या. त्यांनी मला ओळखलं, फ्लेक्सवाल्या ताई म्हणून. मुलाचं नाव-वय ऐकून त्यांचा चेहरा बदलला.

"तुमच्या थोरल्या भावांनी तुम्हाला काही सांगितलं नाही? रिपोर्ट येऊन वर्ष झालं. मी त्यांना म्हटलं होतं, बहिणीला आणि तिच्या मुलाला घेऊन या."

मी बाकावर बसले. त्यांनी मला तिथंच, जाणाऱ्या-येणाऱ्या स्ट्रेचरमध्ये, सगळं समजावून सांगितलं. शरीरात एक राखणदार असतो, विषाणू शिरला की आरडाओरडा करून बाकीच्यांना उठवणारा. दादाच्या शरीरातला तो राखणदार जन्मापासून बहिरा आहे. तो ज्या जनुकातून घडतो, त्या जनुकाच्या बाईजवळ दोन प्रती असतात, आईची एक, बापाची एक. एक बिघडली तरी दुसरी बहुतेक वेळ निभावून नेते. पुरुषाजवळ एकच, आणि ती आईकडून आलेली. म्हणून आई भाकरी थापत राहिली आणि मुलगे पडले. सगळ्याच तापांचं आणि सगळ्याच माणसांचं असं नसतं, वय असतं, साखर असते, लस घेतली की नाही ते असतं, इतरही जनुकं असतात, हे त्यांनी बजावलं. याला झालाय तो फ्लू; करोनाबद्दल आम्हाला बरंच कळलंय, फ्लूबद्दल अजून शोधतोय, त्या म्हणाल्या. पण माहीत असतं तर याला दरवर्षी लस दिली असती, पहिल्याच दिवशी इथं आणलं असतं. तुम्ही तीन दिवस थांबला नसता.

मी थांबले होते. काढा देत.

मुलगा पाच दिवस नळीवर होता. त्या पाच दिवसांत मी दादाशी एक शब्द बोलले नाही. तो रोज येऊन पायऱ्यांवर बसायचा, डबा ठेवून जायचा. सहाव्या दिवशी मुलाची नळी काढली, त्यानं भात मागितला आणि त्या भाताचे चार घास त्याच्या पोटात गेल्यावर मी पर्स उचलून थेट बोरगावला गेले.

बैठकीत दादा होता, आई दारापाशी लसूण सोलत होती. मी खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि फ्लेक्स भिंतीपासून पुढे ओढला. का कोण जाणे, मला खात्री होती. चौकटीच्या मागच्या पट्टीत लिफाफा खोचलेला होता. उघडलेला, परत नीट घडी घातलेला.

दादानं नजर खाली केली. मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्या दिवशी मला तो माझा भाऊ वाटत नव्हता. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "त्याच्यात लिवलं हाय, हे बापापासून पोट्ट्याले जात नाई. फक्त पोरीले जाते. म्या काय करू? तिची सोयरीक चालू होती. जमली की सांगतो म्हटलं."

आता कधी शांतपणे आठवलं की यातला विनोद मला दिसतो. ज्या मुलाला झाडाच्या शेंड्यावर फोटोसकट चढवलं, त्याला बापाकडून यातलं काहीच मिळालं नाही. आणि ज्या मुलीला एक पानही दिलं नाही, तिला बापाचं रक्त सहीशिक्क्यासकट पोचलं. लवकीच्या मांडवाखाली ज्याला वेल कळतो त्याला बैठकीत कळू नये, याला काय म्हणावं. पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. मी म्हटलं, माझा पोरगा मेला असता तर तू मला सोयरीक जमल्यावर सांगितलं असतं का?

बोलली ती आई.

"त्याले नको बोलू. मले माईत होतं."

लसणाची टोपली तिनं बाजूला सरकवली. तिचे तिन्ही भाऊ तापानं गेले होते. एक अठरा वर्षांचा, एक बाविसाचा, तिसरा लग्नाच्या हळदीतला. गावात म्हणायचे त्या घरावर कोणाची तरी नजर आहे. तिला पाहायला आमच्याकडची माणसं आली तेव्हा तिच्या बापानं तिला बजावलं होतं, भाऊ नाहीत एवढंच सांग, कसे गेले ते सांगू नको. ती पंचावन्न वर्षं तेवढंच सांगत आली. धाकटा गेला त्या दिवशी तिला कळलं होतं, म्हणाली. तेव्हाही ती बोलली नाही.

मी विचारलं, "काऊन नाई सांगतलं माय? आमाले तरी?"

"सांगतलं असतं त मले कोणी केलं नसतं," आई म्हणाली. "अन् मंग तुमी बी नसते झाले."

माझा सगळा राग तिथंच अडकला. तो कोणावर काढायचा ते मला समजेना. मी फ्लेक्स खाली उतरवला आणि मागची बाजू आईपुढे धरली. तिनं चष्मा लावला, विचारलं, यात मी कुठं? मी गोल दाखवला. मग तिचं बोट शेजारच्या तीन चौकोनांवर गेलं आणि एकेका चौकोनावर टेकून तिनं भावांची नावं घेतली. माझ्या मामांची नावं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. दादानंही. तो उठून आत गेला आणि बराच वेळ मोरीत तोंड धूत राहिला.

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी दादाच्या मुलीला पाहायला देवळीकडचे लोक येणार होते. कार्यक्रम पुढे ढकलावा असं वहिनी म्हणत होती. मुलगीच म्हणाली, नको, येऊ द्या. तिला लिफाफ्यातलं मी आदल्या दिवशी वाचून दाखवलं होतं. तिनं सगळं ऐकून एकच गोष्ट विचारली होती, दादा कसा आहे आता. म्हणजे माझा मुलगा.

पाहुणे आले. मुलाचे वडील, काका, मुलगा आणि त्याची आई. पोहे झाले. पुन्हा भिंतीवर गेलेल्या फ्लेक्सकडे पाहून मुलाच्या वडिलांनी मान डोलावली, आमच्याकडेही असा करायचाय म्हणाले. मग इकडचं तिकडचं होऊन त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, घराण्यात काही दुखणंबिखणं नाही ना.

दादानं भिंतीकडे पाहिलं. "आमच्या घराण्यात ताप…" एवढं त्याच्या तोंडून सवयीनं निघालं आणि तो थांबला. मी दारातून पाहत होते. आई आतल्या खोलीत बसलेली होती, तिचं लसूण सोलणं थांबल्याचं मला ऐकू आलं.

"माया भाचा परवा दवाखान्यातून घरी आला," दादा म्हणाला. "त्याची गोष्ट आधी सांगतो. मंग तुमचं तुमी ठरवा."

त्यानं सगळं सांगितलं. राखणदार, दोन प्रती, धाकटा, तीन मामा. लिफाफा भिंतीमागे ठेवला होता तेही सांगितलं. मुलीला स्वतःला बहुतेक काही होणार नाही, पण तिला मुलगा झाला तर त्याला हे असू शकेल किंवा नसूही शकेल, आणि आधी माहीत असलं तर त्याला सांभाळता येतं, हेही. माणसानं इतकं नीट बोलायला इतकी वर्षं लावू नयेत, पण बोलला तो नीट. मुलाच्या वडिलांनी कपबशी खाली ठेवली. घरी विचार करून कळवतो, असं ते म्हणाले आणि पुरुष माणसं चपला घालायला ओसरीवर गेली.

मुलाची आई मागे राहिली. सगळा वेळ ती एक शब्द बोलली नव्हती. तिनं कपबशा गोळा केल्या, माझ्यामागे स्वयंपाकघरात आली आणि ओट्यावर ठेवता ठेवता दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"त्या डॉक्टरीणबाईचा नंबर देता का मले?" ती हळू आवाजात म्हणाली. "माये दोन भाऊ गेले असेच. यायले माईत नाई."

तिचा मुलगा बाहेर गाडी सुरू करत होता. मी कागद शोधू लागले. हाताशी बायोडाटाच होता, त्याच्या मागे लिहून दिला.